रूम नाकारली, तर तक्रार कुठे करायची?

सेकंड इयरला माझा आणि माझ्या रूम पार्टनरचा, दोघांचाही हॉस्टेलचा नंबर हुकला. फर्स्ट इयरच्या मार्कांचं पुण्य कमी पडलं, दुसरं काय! मग सुरू झाली रूमची शोधाशोध. कॉलेजच्या मागच्या कॉलनीत विजेच्या खांबावर चिठ्ठी होती, ‘रूम भाड्याने देणे आहे. विद्यार्थ्यांस प्राधान्य.’ त्या दिवशी माझं सबमिशन होतं, म्हणून पार्टनर एकटाच गेला. काकूंनी रूम दाखवली, भाडं सांगितलं, डिपॉझिट सांगितलं, पाणी किती वाजता येतं तेही सांगितलं. जिना उतरताना आडनाव विचारलं. मग गाव विचारलं. मग, ‘म्हणजे तुमच्यात कोण?’ त्याने सांगितलं. ‘हो का? बघते हं, ह्यांना विचारून कळवते. तसा आम्ही एकाला शब्द दिलाय.’

तो हॉस्टेलवर येऊन ‘नाही जमलं’ एवढंच म्हणाला. मीही जास्त खोदून विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दुसऱ्या खांबावरची चिठ्ठी बघून मी एक रूम पाहायला गेलो. आडनाव मलाही विचारलं. नंतर चहा आला. दोघं राहू म्हटलं, चालेल म्हणाल्या. पाचशे रुपये टोकन देऊन मी उड्या मारत परत आलो आणि मेसमध्ये वर्णन करायला लागलो. हिरवा दरवाजा, खाली स्कूटर दुरुस्तीचं दुकान, पाणी साडेसहाला... पार्टनर जेवायचा थांबला.

दुसऱ्या दिवशी मी टोकन परत मागून आणलं. पुढे आम्हाला चार किलोमीटरवर रूम मिळाली आणि वर्षभर सायकल हाणली. तक्रार करावी असं आमच्या डोक्यातही आलं नाही. काकूंचं घर, काकूंची मर्जी, त्यात पोलीस काय करणार? आमची ही समजूत साफ चुकीची होती, हे बी.ई.ला आल्यावर एका वकील सिनिअरकडून कळलं. (हो, इंजिनिअरिंग करून वकील झालेले सिनिअर असतात.) त्यांनी सांगितलेलं आणि त्यानंतर मी स्वतः कायदे काढून वाचलेलं इथे मांडतोय. हॉस्टेलचा नंबर दर वर्षी कुणाचा तरी हुकतोच. आणि बदलून आलेले सर, मॅडम, लॅब असिस्टंट यांनाही याच खांबांवरच्या चिठ्ठ्या वाचाव्या लागतात.

आधी वाईट बातमी. आपल्या देशात ‘भाड्याने घर देताना भेदभाव करू नये’ असा सगळ्यांना आणि सगळ्या कारणांना लागू होणारा एकच कायदा नाही. राज्यघटनेच्या कलम १५ मध्ये धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून भेदभाव करायला मनाई आहे, पण ती मुख्यतः सरकारला. त्याच कलमाच्या दुसऱ्या भागात दुकानं, उपाहारगृहं, हॉटेलं, विहिरी, तलाव अशा जागा खाजगी माणसांच्या बाबतीतही खुल्या केल्या आहेत. भाड्याची खोली त्या यादीत नाही. २००५ साली अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ‘सभासद फक्त पारशीच’ हा संस्थेचा उपविधी वैध ठरवला. सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालात मुसलमानांना हव्या त्या वस्तीत घर मिळणं अवघड जातं अशी नोंद आहे. २०१७ मध्ये भेदभावविरोधी एक खाजगी विधेयक लोकसभेत मांडलं गेलं आणि मंजूर न होताच संपलं. त्यामुळे तक्रार करायची ती ‘मला रूम दिली नाही’ एवढ्यावर होत नाही. का दिली नाही, यावर कुठलं दार वाजवायचं ते ठरतं.

आता चांगली बातमी. अस्पृश्यता बंद करणारं घटनेचं कलम १७ सरकार आणि खाजगी माणूस असा फरक करत नाही. ते काकूंनाही लागू आहे. या कलमाच्या आधारे १९५५ साली अस्पृश्यता (अपराध) अधिनियम आला. १९७६ मध्ये तो कडक झाला आणि त्याचं नाव ‘नागरी हक्क संरक्षण अधिनियम’ झालं. त्याच्या कलम ४ मध्ये अस्पृश्यतेच्या कारणावरून कुठकुठली आडकाठी करणं गुन्हा आहे त्याची लांब यादी आहे. देऊळ आणि पाणवठा एवढंच आपल्याला शाळेपासून माहीत असतं. पण त्याच यादीत कोणत्याही वस्तीत राहती जागा बांधणं, घेणं किंवा तिचा ताबा घेऊन राहणं हेही आहे. आणि नुसता भेदभाव करणं हीसुद्धा आडकाठीच, असं स्पष्टीकरण कलमाखाली जोडलेलं आहे. शिक्षा एक ते सहा महिने कैद आणि १०० ते ५०० रुपये दंड. दंडाची रक्कम वाचून हसू येईल, पण कैद ही कैदच.

याच्यापेक्षा मला महत्त्वाचं वाटलं ते कलम १२. ज्याच्या बाबतीत गुन्हा झाला ती व्यक्ती अनुसूचित जातीची असेल, तर ते कृत्य अस्पृश्यतेच्या कारणावरूनच झालं असं न्यायालय गृहीत धरतं. तसं नव्हतं हे सिद्ध करण्याचं ओझं समोरच्यावर. म्हणजे काकूंच्या मनात काय होतं हे पार्टनरने सिद्ध करायचं नाही. रूम रिकामी होती आणि त्याला नाकारली, एवढं मात्र त्याला दाखवावं लागतं. बौद्ध झालेल्या अनुसूचित जातींना १९९० पासून अनुसूचित जातींमध्ये धरलं जातं, त्यामुळे तसा दाखला असेल तर हे कलम त्यांनाही लागू.

सत्तर वर्षांचा हा कायदा आहे आणि आम्हा दोघांना त्याचा पत्ता नव्हता. खरं म्हणजे हा प्रश्न त्याहून जुना आहे. १९१७ साली कोलंबिया विद्यापीठातून शिकून आलेल्या बाबासाहेब आंबेडकरांना बडोद्यात नोकरी होती आणि राहायला खोली नव्हती. जात लपवून ते एका पारशी धर्मशाळेत राहिले आणि काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी त्यांना बाहेर काढलं. हा प्रसंग त्यांनी स्वतः लिहून ठेवला आहे. आपल्या इथे आता काठ्या घेऊन कुणी येत नाही. ‘ह्यांना विचारून कळवते’ म्हणतात.

दुसरा कायदा म्हणजे १९८९ चा अत्याचार प्रतिबंध अधिनियम, ज्याला सगळे ‘अ‍ॅट्रॉसिटी’ म्हणतात. तो अनुसूचित जाती आणि जमाती दोघांसाठी आहे. म्हणजे आदिवासी मित्रांना १९५५ च्या कायद्यातलं ते गृहीतक मिळत नसलं तरी हा कायदा मिळतो. पण इथे नीट समजून घ्या. मालकाने जातीचं नाव घेऊन शिवी दिली किंवा अपमान केला, आणि तोही लोकांच्या नजरेसमोरच्या जागी, तर तो सरळ गुन्हा आहे. घराच्या फाटकापाशी, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल-ऐकू येईल अशा ठिकाणी झालेला अपमान यात येतो, असं सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये सांगितलं. चार भिंतींच्या आत, बाहेरचं कुणी नसताना बोललेलं येत नाही, असं २०२० मध्ये सांगितलं. बरं, या कायद्यात आर्थिक बहिष्कारही गुन्हा आहे आणि त्याच्या व्याख्येत व्यवहार करायला नकार देणं येतं. पण एका खोलीच्या एका नकाराला बहिष्कार म्हणता येईल का, यावर वकील वाद घालतील. माझ्या मते साध्या, गोड बोलून दिलेल्या नकाराला १९५५ चा कायदाच जास्त नेमका बसतो. तक्रारीत दोन्ही कायद्यांचा उल्लेख करायला हरकत नाही. कलमं लावणं हे पोलिसांचं काम, आपलं काम घडलेलं सांगणं.

आणि घडलेलं सांगण्यातच बहुतेकांची गाडी अडते. आमची अडलीच असती. कुठली तारीख? बहुतेक जुलैचा दुसरा आठवडा. किती वाजता? संध्याकाळी. काकू नक्की काय म्हणाल्या? असं काहीतरी. ही काय तक्रार झाली? प्रॅक्टिकलचं जर्नल आपण आदल्या रात्री कॉपी करतो तसं इथे चालत नाही. इथे रीडिंग त्याच दिवशी घ्यावं लागतं.

म्हणून नकार मिळाला की रात्री झोपण्याआधी कागदावर लिहायचं. तारीख, वेळ, पत्ता, रूम कुणी दाखवली, भाडं किती सांगितलं, जात कुणी आणि कोणत्या शब्दांत विचारली, त्यानंतर बोलणं कसं बदललं. समोरच्याचे शब्द जसेच्या तसे, आपल्या भाषेत सुधारून नाही. तिथे आणखी कोण होतं, एजंट, वॉचमन, शेजारी. खांबावरच्या चिठ्ठीचा फोटो काढायचा, जाहिरात मोबाईलवर असेल तर स्क्रीनशॉट. एजंटला साधा मेसेज टाकायचा, ‘काल बघितलेल्या रूमचं काय झालं?’ पुष्कळ वेळा एजंटच लिहून टाकतो, ‘मालक म्हणतात अमुक लोकांना नको.’ बोलण्यात जे कुणी कबूल करत नाही ते मेसेजमध्ये सहज टाईप होतं. कॉल रेकॉर्डिंग किंवा चॅट असेल तर मूळ फाईल आणि मोबाईल जपून ठेवा, काटछाट करू नका. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात अशा पुराव्याबरोबर कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं, आणि त्यात फाईलची हॅश व्हॅल्यू नोंदवावी लागते. हॅश म्हणजे काय हे कॉम्प्युटरवाल्यांना सांगायला नको, बाकीच्यांनी त्यांना चहा पाजून विचारावं.

आता मुख्य गोष्ट. ‘एकाला शब्द दिलाय’ हे खरंही असू शकतं. रूम खरोखर गेलेली असू शकते आणि काकूंचा प्रश्न नुसती भोचक सवय असू शकते. मग ओळखायचं कसं? आपण इंजिनिअर आहोत. एकच व्हेरिएबल बदलायचं, बाकी सगळं तसंच ठेवायचं आणि आउटपुट बघायचं. त्याच कॉलेजचा, तेवढंच भाडं देऊ शकणारा, पण वेगळ्या आडनावाचा मित्र दुसऱ्या दिवशी जातो आणि त्याला तीच रूम त्याच भाड्यात मिळते, तर ‘शब्द दिला होता’ ही सबब तिथेच पडते. सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली परिसरात असाच अभ्यास केला होता. सारख्या अपेक्षेचे, पण वेगवेगळ्या जाती-धर्मांच्या नावांचे भाडेकरू घरमालकांकडे गेले. उच्चवर्णीय नावाला होकार आणि दलित, मुस्लिम नावांपैकी बऱ्याच जणांना नकार किंवा जास्तीच्या अटी, असं त्यात दिसलं. २०१५ मध्ये तो निबंध प्रसिद्ध झाला.

आमच्या बाबतीत हा प्रयोग आपोआप झाला होता आणि त्यातला दुसरा माणूस मी होतो. टोकन घेतल्याची पावती काकूंनी सही करून दिली होती, तारखेसकट. ती पावती मी टोकन परत घेताना त्यांना देऊन टाकली. एवढा चांगला पुरावा स्वतःच्या हाताने परत करणारा साक्षीदार शोधून सापडणार नाही.

तर हे सगळं घेऊन पोलीस स्टेशन. अर्ज मराठीत, साधा, घडलं त्या क्रमाने. ‘आमच्यावर घोर अन्याय झाला आहे, तरी मेहेरबान साहेबांनी...’ असली वाक्यं नकोत. जागा कुठली, मी कोण, माझी जात कोणती (दाखल्याची प्रत सोबत), काय घडलं, साक्षीदार कोण. शेवटी नागरी हक्क संरक्षण अधिनियमाच्या कलम ४ खाली गुन्हा नोंदवावा अशी विनंती. दोन प्रती न्यायच्या आणि एकीवर शिक्का-सहीची पोच घ्यायची. पोच न घेता परत यायचं नाही. ‘साहेब बंदोबस्ताला गेलेत, ठेवून जा’ म्हटलं तरी बसून राहायचं. ठाणे अंमलदार कदाचित म्हणेल की ही एन.सी. होईल, म्हणजे अदखलपात्र नोंद. तेव्हा शांतपणे सांगायचं की या कायद्याखालचे गुन्हे कलम १५ नुसार दखलपात्र आहेत. शक्यतो ते कलम छापून सोबत न्यावं, कारण हा कायदा त्यांनीही रोज हाताळलेला नसतो. आवाज चढवून काही होत नाही, कागद दाखवून होतं. अ‍ॅट्रॉसिटीचा गुन्हा असेल तर नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशीची गरज नाही, हे २०१८ पासून कायद्यातच लिहिलेलं आहे. एफ.आय.आर.ची प्रत फुकट मिळते, मागून घ्या.

नोंदवून घेतलंच नाही, तर तोच अर्ज जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांना पोस्टाने. आयुक्तालय असेल तिथे उपायुक्तांना. पोस्टाची पावती जपायची. तरी हाललं नाही, तर शपथपत्रासह न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज. तिथे वकील लागेल. अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना आणि स्त्रियांना उत्पन्नाची अट न बघता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट वकील मिळतो. महाराष्ट्र पोलिसांत नागरी हक्क संरक्षणाचा स्वतंत्र विभागही आहे, अर्जाची एक प्रत तिथे आणि एक समाज कल्याण विभागाच्या जिल्ह्यातल्या सहायक आयुक्तांना पाठवा. १४५६६ हा अत्याचारविरोधी राष्ट्रीय हेल्पलाईनचा नंबर आहे. कॉलेजच्या एस.सी.-एस.टी. सेलला बाहेरच्या घरमालकावर काही अधिकार नाही, पण अर्ज लिहायला आणि सोबत यायला एखादे सर मिळाले तर पोलीस स्टेशनमधली खुर्चीसुद्धा लवकर मिळते. हे असं असू नये, पण आहे.

जात सोडून दुसरी कारणं. एच.आय.व्ही. असलेल्या व्यक्तीला घर नाकारायला २०१७ च्या कायद्याने आणि तृतीयपंथी व्यक्तीला नाकारायला २०१९ च्या कायद्याने मनाई आहे. दोन्हींत भाड्याने राहण्याचा हक्क स्पष्ट शब्दांत आहे. एच.आय.व्ही.च्या बाबतीत तक्रार राज्याच्या लोकपालाकडे करायची असते. दिव्यांगांनी राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे दाद मागावी, त्यांचं कार्यालय पुण्यात आहे. धर्मावरून नाकारलं तर १९५५ सारखा फौजदारी कायदा नाही. राज्य अल्पसंख्याक आयोगाकडे अर्ज करता येतो. आयोग खुलासा मागवू शकतो, शिफारस करू शकतो, मात्र रूम मिळवून देऊ शकत नाही. मटण-मासे खाता म्हणून, किंवा मुलगी एकटी राहणार म्हणून नकार आला, तर एकट्या बंगलेवाल्या मालकाविरुद्ध सध्या तरी हातात काही नाही. राग येतो, पण खोटी आशा दाखवण्यात अर्थ नाही.

फ्लॅट सोसायटीत असेल तर थोडी जागा आहे. पुष्कळदा मालक तयार असतो आणि चेअरमन म्हणतात ‘बॅचलर चालणार नाहीत’. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या २०१४ च्या आदर्श उपविधींप्रमाणे सभासदाला फ्लॅट लीव्ह अँड लायसन्सवर द्यायला सोसायटीची परवानगी लागत नाही, आठ दिवस आधी कळवावं लागतं. तक्रार उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे. फक्त ती मालकाने करायची, आपण नाही. आणि भांडण करून आपल्याला फ्लॅट देणारा मालक मिळाला, तर त्याला दिवाळीचा फराळ नेऊन द्या.

एम.एस.साठी अमेरिकेला जाणाऱ्यांसाठी थोडं. तिथे यासाठीच वेगळा कायदा आहे, फेअर हाउसिंग अ‍ॅक्ट. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या खुनानंतर आठवड्याभरात, ११ एप्रिल १९६८ ला तो झाला. वंश, रंग, धर्म, मूळ देश या कारणांवर घर नाकारता येत नाही. १९७४ मध्ये लिंग आणि १९८८ मध्ये अपंगत्व व मुलंबाळं असणं ही कारणं त्यात आली. केंद्रीय गृहनिर्माण खात्याकडे, ज्याला ‘हड’ म्हणतात, विनामूल्य तक्रार करता येते. मी वर सांगितलेला वेगळ्या नावाच्या मित्राचा प्रयोग तिथे इतका रुळलेला आहे, की रूम घ्यायची नसताना नुसती तपासणी करायला गेलेल्या माणसालाही खोटं सांगितलं गेलं तर दावा लावता येतो, असं तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये ठरवलं. जात मात्र त्या केंद्रीय यादीत नाही. सिअ‍ॅटल शहराने २०२३ मध्ये आपल्या स्थानिक कायद्यात जातीवरून भेदभावाला बंदी घातली, त्यात घरही येतं. आपली मंडळी तिथे जाताना बॅगेत लोणच्याबरोबर आणखी काय काय नेतात, ते यावरून लक्षात यावं.

मुदतीचं सांगायचं राहिलं. ‘हड’कडे घटनेपासून एक वर्षाच्या आत तक्रार करावी लागते, थेट कोर्टात जायचं तर दोन वर्षं. आपल्याकडे एक वर्षापर्यंत शिक्षेच्या गुन्ह्याची दखल न्यायालयाने एका वर्षाच्या आत घ्यावी लागते आणि १९५५ च्या कायद्याचं कलम ४ त्यातच मोडतं. म्हणजे परीक्षा झाल्यावर बघू, सुट्टी संपल्यावर बघू, असं करून चालत नाही. आमची मुदत थर्ड इयरच्या पाचव्या सेमिस्टरमध्येच संपली. वकील सिनिअरने हे सांगितलं तेव्हा पार्टनर सोबत होता. परत येताना मी त्याला विचारलं, की तेव्हा माहीत असतं तर केली असतीस का रे तक्रार? तो म्हणाला, ‘माहीत नाही. पण करायची की नाही हे मी ठरवलं असतं.’

छापायला देण्याआधी हा लेख त्याला दाखवला. ‘बहुतेक जुलैचा दुसरा आठवडा’ या वाक्यापाशी त्याने पेन्सिलने लिहिलं, ‘बुधवार होता. सव्वासहा.’